अकरा अंशांचा कल

तिरपे अक्षर हा लेखनातील शिष्टाचारभंग आहे, असे माझे मत होते आणि लोहाऱ्याच्या शाळेत एकतीस वर्षे मी ते विद्यार्थ्यांना बजावत आलो होतो. त्यामुळे आमच्या वाचनालयाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका तपासण्यासाठी उमरग्याच्या छापखान्यात गेलो, तेव्हा पहिल्याच ओळीवर थांबलो. सबंध पत्रिका उजवीकडे कललेली होती.

छापखाना कल्याणप्पांचा, संगणकाचे काम त्यांची सून जगदेवी पाहते. सातवीत ती माझ्या वर्गात होती. ही अक्षरे तिने दोन वर्षे खपून स्वतः रेखाटली होती. पुण्याची एक संस्था ती अक्षरमाला वितरणासाठी स्वीकारणार होती. अट एवढीच, की ती एखाद्या खऱ्या कामात छापलेली दिसावी आणि तो नमुना सोमवारी हाती पडावा. आज शनिवार होता. वाचनालयाचा चिटणीस मी, आणि माझ्या सहीशिवाय काहीही छापू नये हा ठरावही माझाच.

"कल्याणप्पा, हे उभ्या अक्षरात करून द्या."

"मला काय सांगता सर? मशीन माझी, अक्षर तिचं. तिच्याशीच भांडा. मला बी जरा आराम."

मी भांडलो. "शिरोरेषा आडवी आणि खालचे दांडे कललेले. माळवद जागच्या जागी आणि खांब तिरके, अशा घरात कोणी राहील का?"

"खांब पडत न्हाइत सर," जगदेवी म्हणाली. "माणूस चालताना जरा पुढं झुकतो, तसं हाय ते."

"हा युक्तिवाद नव्हे, उपमा झाली."

"मग माळवद काय होतं?"

कल्याणप्पा उगाच कागदांचा गठ्ठा नीट करू लागले.

जगदेवीने माझ्यापुढे दोन कागद ठेवले. पहिल्यावर संगणकाने उभे अक्षर नुसते ढकलून तिरपे केले होते. त्यातला 'ठ' दबलेल्या लिंबासारखा दिसत होता आणि जाड रेघ नको तिथे बारीक झाली होती. दुसऱ्यावर तिने प्रत्येक अक्षर नव्याने काढले होते. 'ठ'चे पोट गोल होते, आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाशी, बोरू उचलताना उमटावा तसा, एक नाजूक फराटा होता.

छापील मजकूर तपासण्याची माझी एक रीत आहे. कागद मी आधी उलटा धरतो. अर्थ डोळ्यांआड गेला, की अक्षरांमधले काळे गठ्ठे आणि पांढरी भगदाडे लपत नाहीत. पत्रिका उलटी धरून मी पाच मिनिटे शोधत राहिलो. तिसऱ्या ओळीत एका जागी नजर अडखळली. बाकी सारी वीण सारखी होती. हे मला आवडले नाही.

"दोष नसणे म्हणजे औचित्य असणे नव्हे," मी म्हणालो. "सही होणार नाही."

जगदेवीने कपाटातून एक जुनी निबंधाची वही काढली आणि शेवटचे पान उघडून माझ्यापुढे धरले. तळाशी लाल शाईत माझा शेरा होता : 'अक्षर सरळ काढावे.'

तो शेरा उजवीकडे कलला होता.

"ह्याच्यावरूनच काढलंय सर. तुमचे सगळे शेरे जमवले. कोनमापक लावून बघितलं. अकरा अंश."

मी कोनमापक मागून घेतले. माझे माप साडेदहा भरले, आणि तसे मी सांगितलेही. पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. वह्या तपासताना कागद डावीकडे तिरका ठेवण्याची मला सवय आहे. त्यामुळे माझे अक्षर मला आयुष्यभर उभेच दिसले होते.

"म्हंजे इतकी वर्सं पोरांनी मार खाल्ला तो..." कल्याणप्पांनी सुरुवात केली.

"मी कुणाला मारले नाही."

"खरंय. निस्तं दहादा लिहून घ्यायचे," जगदेवी म्हणाली.

मग मी अटी घातल्या. सलग मजकूर उभ्या अक्षरात असावा. जिथे आवाज बदलतो, म्हणजे आरंभीच्या आवाहनात, पाहुण्यांच्या नावांत, ग्रंथांच्या शीर्षकांत, तेवढे तिरपे. सगळेच झुकले, तर झुकण्याला किंमत राहत नाही.

"पुण्याच्या लोकांना बी उभ्याच्या शेजारीच बघायचं होतं," ती म्हणाली. "पण तुमच्यासमोर एकदम सगळंच मांडावं वाटलं."

"आणि तिसऱ्या ओळीतला 'ळ' दुरुस्त कर. शेपूट लांब आहे."

"तो बी तुमचाच हाय सर. हुबेहूब."

"म्हणून तर सांगतो. चाळीस वर्षे मला तो जमलेला नाही."

तिने वीस मिनिटांत शेपूट आखूड केली आणि मजकूर उभा केला. तोवर कल्याणप्पांनी चहा मागवला. नवी प्रत मी उलटी धरून पाहिली, सुलटी वाचली आणि कागद मुद्दाम टेबलाच्या कडेशी समांतर ठेवून, दांडे सांभाळत, सावकाश सही केली.

कल्याणप्पांनी ती चष्म्याखालून निरखली. "ही कुणाची म्हणायची?"

माझी वाटत नव्हती खरी. मी कागद डावीकडे तिरका केला आणि तिच्याखाली दुसरी सही केली.

जगदेवी तोवर मशीन सुरू करायला उठलीही होती.