तेरावी जागा

दाशझेवेगने किटलीत राख घातली, वर पाणी ओतलं, काठीने ढवळलं आणि ताणलेल्या दोरीच्या कडेने ती ओली राख धारेने सोडत तो उलट्या पावलांनी मागे सरकू लागला. मे महिना होता, गवत अजून पिवळंच होतं. कोरडी राख रेषेवर टिकत नाही, हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं. राखेला तोटा नव्हता. दारखान शहराला गरम पाणी पुरवणाऱ्या केंद्रात तो बॉयलरवर कामाला होता आणि हे मैदान त्या केंद्राच्याच मागे होतं.

दोरीचं दुसरं टोक लुवसानच्या हातात होतं. उत्तरेला, सुखबातार गावात, लुवसानचा संघ होता. देशात या खेळाचे संघ दोनच. म्हणून दोघे एकमेकांचे एकुलते एक शत्रू होते, आणि शनिवारच्या सामन्याआधी मैदान नीट करायला लुवसान सकाळच्या गाडीने दोन तास प्रवास करून आला होता.

"तो गोलाचा आडवा बार बघ," लुवसान म्हणाला. "कुणीतरी पिऊन बसवलाय असं वाटतं."

"तूच बसवलायस."

"म्हणून तर सांगतोय."

दाशझेवेगने वर पाहिलं नाही. पाण्याच्या जुन्या पाइपांचे ते खांब दोघांनी मिळूनच उभे केले होते. ऑस्ट्रेलियात एका खाटिकखान्यात तो तीन वर्षं राबला होता. तिथल्या सोबत्यांनी त्याला सुट्टीच्या दिवशी ओढत मैदानावर नेलं आणि तेरा जणांचं रग्बी शिकवलं. येताना त्याने दोन चेंडू आणि नियमांचं एक पुस्तक आणलं. सात जणांचं, पंधरा जणांचं रग्बी लोकांनी टीव्हीवर पाहिलेलं होतं. हे तेरा जणांचं काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलगे आले नाहीत. मुली आल्या. घरोघरी भावांशी कुस्ती खेळून मोठ्या झालेल्या या मुलींना पकड शिकवावी लागली नाही. पकडल्यावर सोडायला मात्र शिकवावं लागलं.

पहिल्या वर्षी बावीस जणी होत्या. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत जमीन दगडासारखी होई आणि क्रीडा कार्यालय बंदिस्त सभागृह फक्त मान्यताप्राप्त खेळांना देई. दर हिवाळ्यात दोन-तीन जणी गळत. आता तेरा उरल्या होत्या. शनिवारी आंतरराष्ट्रीय महासंघाच्या निरीक्षक बाई येणार होत्या. त्यांच्यासमोर दोन संघांनी, प्रत्येकी तेरा स्थानिक खेळाडू घेऊन, पूर्ण सामना खेळायचा. तसं झालं की सदस्यत्व. सदस्यत्व मिळालं की मान्यता, आणि मान्यता मिळाली की सभागृह.

"माझ्याकडे चौदा आहेत," लुवसान म्हणाला. "तुझ्या तेरा जणींना सांग, शनिवारपर्यंत शिंकायचंसुद्धा नाही."

तेवढ्यात खुलान आली. ती ब्रेडच्या कारखान्यातून थेट आली होती. बगलेत दोन गरम पाव होते. चार वर्षांपूर्वी ती एकोणीसची होती, तेव्हापासून ती दाशझेवेगची कर्णधार होती. तिने एक पाव लुवसानला दिला, दुसरा दाशझेवेगच्या पिशवीत ठेवला आणि खिशातून एक घडी केलेला कागद काढला.

"गुरुजी, हे आलंय. सात जणींच्या रग्बी संघाची निवड आहे. राजधानीत. शनिवारी."

दाशझेवेगने कागद वाचला. "कधी आलं?"

"मागच्या आठवड्यात."

"मग?"

"मग काय. मी नाही जात."

लुवसान पाव चावायचा थांबला. दाशझेवेगने कागद होता तसाच घडीवर घडी घालून तिला परत दिला.

"बरं," तो म्हणाला, आणि त्याने किटली उचलली. पुढची वीसेक पावलं रेषा थोडी वाकडी गेली. लुवसानने ते पाहिलं आणि दोरी आणखी ताणून धरली.

पाच वाजता पाळी संपवून दाशझेवेग केंद्राच्या फाटकाबाहेर पडला तेव्हा खुलानची आई उभी होती. ब्यांबाजाव बाजारात नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, बूट विकत असे. दुकान बंद करून ती तशीच आली होती. तिच्या बाह्यांना लोकर चिकटलेली होती.

"तुम्ही तिला काय सांगितलंत, गुरुजी?"

"मी काहीच सांगितलं नाही."

"तेच विचारायला आले. काहीच का नाही सांगितलंत?"

दाशझेवेगने टोपी काढली, पुन्हा घातली. "ती स्वतःच म्हणाली, जात नाही."

"ती म्हणाली आणि तुम्ही बरं म्हणालात. मी जा म्हटलं तर म्हणते, आई, तुला यातलं काय कळतं? नाहीच कळत मला. सात काय नि तेरा काय, मला सगळ्या मातीत लोळणाऱ्याच दिसतात. पण तिथे राहायला खोली देतात, शिकवायला माणसं आहेत. इथे भट्टीसमोर तिचे हात कसे झालेत, बघितलेत कधी?"

त्याने पाहिले होते. ते डाग मैदानावरच्या खरचटण्याचे असावेत, असं त्याने धरलं होतं.

"शनिवारी तुमचं काय आहे ते ठाऊक आहे मला," ब्यांबाजाव आवाज खाली आणून म्हणाली. "म्हणून तिच्याशी भांडत बसले नाही. तुमच्याकडे आले."

ती गेली. दाशझेवेगची बस आली. तो तिच्यात चढला नाही. पुढच्या बसने गेला.

शुक्रवारी सकाळी चहा घेताना त्याने त्या सात जणींच्या खेळाचे नियम फोनवर दोनदा वाचले. दहा वाजता खुलानची पाळी सुटली तेव्हा तो कारखान्याच्या दारात चेंडू घेऊन उभा होता.

"आज सराव आहे?" तिने विचारलं. "बाकीच्या?"

"तुझ्या एकटीचा."

मैदानावर त्याने तिला धावत यायला सांगितलं, खांद्याने अडवून खाली पाडलं आणि बाजूला झाला. ती ताडकन उठली. चेंडू टाचेखालून मागे सरकवून उभी राहिली. चार वर्षांत हजारो वेळा त्याने तिच्याकडून हेच करून घेतलं होतं.

"चूक," तो म्हणाला.

"काय चूक?"

"त्यांच्यात चेंडू घेऊन उठलीस की दंड. पडायचं, कूस बदलायची, चेंडू हात लांब करून आपल्या माणसांकडे ठेवायचा आणि सोडून द्यायचा. मग त्याच्यावर झोंबाझोंबी होते. पुन्हा."

खुलान हललीच नाही. "मी नाही जात म्हटलं ना तुम्हाला?"

"तू म्हणालीस. मी काही म्हणालो नव्हतो. आता म्हणतोय. तीनची बस आहे."

"आणि उद्या? बारा जणींत सामना कसला? सदस्यत्व जाईल, सभागृह जाईल. पुढच्या हिवाळ्यानंतर चारजणीसुद्धा उरणार नाहीत."

"ते माझं मी बघतो. धाव."

ती धावली. पडली. उठली. तो पुन्हा चूक म्हणाला. सातव्या वेळी त्याने तिच्या जर्सीचा खांदा मुठीत धरून तिला खालीच दाबून ठेवलं, आणि ती मातीत गाल टेकून तशीच पडून राहिली. चेंडू मात्र हात लांब करून बरोबर ठेवलेला होता. तिचे खांदे हलत होते. ती हसते आहे की रडते आहे, हे पाहायला तो वाकला नाही.

"हं. असं," तो म्हणाला. "आता अजून दहा वेळा."

तीन वाजता बस सुटली तेव्हा लेकीचा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून ब्यांबाजावने लाकडी डावाने दूध हवेत उडवलं, एकदा, दोनदा, बस वळेपर्यंत. दाशझेवेग स्थानकावर गेला नव्हता. तो उरलेल्या बारा जणींच्या जागा कागदावर बदलत बसला होता. बारा नावं कशीही मांडली तरी उजव्या कडेला एक भगदाड राहत होतं.

शनिवारी निरीक्षक बाई आल्या. डेलिला काऊपा नाव, पापुआ न्यू गिनीच्या, पन्नाशीच्या, बुटक्या आणि दणकट. त्यांच्या देशात हा खेळ गल्लोगल्ली खेळतात म्हणे. कुणाकडून तरी घेतलेला मेंढीच्या कातड्याचा कोट घालून त्या मैदानाभोवती फिरल्या, राखेच्या रेषेवर वाकल्या, बोट लावून वास घेतला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

लुवसानने दाशझेवेगला खांबामागे ओढलं.

"माझी इचिन घे. तुझी जर्सी घाल तिला, नाव खुलानचं सांग. त्या बाईला काय कळणार? आपल्या पोरी तिला सगळ्या सारख्याच."

"मला कळेल ना."

"अरे, तुला कळून काय उपयोग? सही त्या बाईची आहे!"

दाशझेवेगने यादी काढली, बारा नावांखाली सही केली आणि खाटिकखान्यात शिकलेल्या इंग्रजीत बाईंना सांगितलं की तेरावी खेळाडू दुसऱ्या खेळाच्या निवडीला गेली आहे. आपणच तिला पाठवलं आहे. बाईंनी यादी पाहिली, त्याच्याकडे पाहिलं.

"आजच?" त्यांनी विचारलं.

"निवड आजच होती."

बाईंनी मान हलवली आणि घड्याळ पाहिलं.

दोन्ही संघ मैदानात उतरले. पंचाने शिट्टी तोंडाला लावली, तोच लुवसान कडेवरून ओरडला, "इचिन! बाहेर ये!"

त्याची सगळ्यात वेगवान खेळाडू इचिनखोर्लू धावत आली. "काय झालं, गुरुजी?"

"बस."

"मी काय केलं?"

"काही नाही केलंस. बस म्हटलं ना."

"मग माझ्या जागी कोण?"

लुवसानने कडेच्या गवताकडे बोट दाखवलं. राखीव असलेली चौदावी मुलगी आशेने उठून उभी राहिली होती. त्याने तिलाही हाताने खाली बसवलं. पंचाने खेळाडू मोजले, पुन्हा मोजले, खांदे उडवले आणि शिट्टी वाजवली.

दाशझेवेग मैदानाच्या पलीकडच्या कडेला उभा होता. त्याने लुवसानकडे पाहिलं. लुवसान त्या वेळी इचिनशी वाद घालण्यात गुंतला होता.

बारा जणी बारा जणींशी ऐंशी मिनिटं खेळल्या. धुळीने तोंडं काळी झाली. एकीचं नाक फुटलं, तिने कापूस कोंबला आणि परत आली. सुखबातारने बावीस-अठराने सामना जिंकला. बाईंनी सगळ्यांशी हात मिळवले, ब्यांबाजावने आणलेले, मांस भरून तळलेले गरम खुशूर उभ्याउभ्या चार खाल्ले, तेल मिशीसारखं ओठावर राहिलं तरी पुसलं नाही, आणि विमानतळाच्या गाडीत बसल्या.

ऑगस्टमध्ये पत्र आलं. प्रत्येकी तेरा खेळाडूंचा सामना न झाल्यामुळे अर्ज एक वर्ष पुढे ढकलण्यात येत होता. खुलानची निवड झाली होती; राखीव म्हणून, पण झाली होती. ती दर रविवारी फोन करी आणि त्या खेळात लोक किती वेळ नुसते पडून असतात याबद्दल तक्रार करी. दाशझेवेगकडे आता अकरा जणी होत्या.

पत्र घेऊन तो सुखबातारला गेला. लुवसान अंगणात मोटारसायकल उघडून बसला होता. त्याने हात पुसले, पत्र हातात धरलं आणि इंग्रजी येत नसतानाही शेवटच्या ओळीपर्यंत ते पाहिलं.

"नाही म्हणतायत?"

"एक वर्षाने पुन्हा या म्हणतायत. बाईंनी अहवाल चांगला लिहिलाय. मैदान, नियम, शिस्त, सगळं." दाशझेवेग थांबला. "खाली त्यांनी हाताने लिहिलंय. माझी एक खेळाडू का नव्हती ते त्यांना समजलं. पाहुण्या संघाकडे मात्र चौदा जणी असून बारा का खेळल्या, ते अहवालात लिहावं लागतं. तो रकाना त्यांनी मी भरावा म्हणून मोकळा ठेवलाय. तो कोराच राहिला तर पुढच्या वर्षी चौकशी तुझी होईल."

लुवसानने पाना उचलला, कुठलातरी बोल्ट घट्ट केला, मग तोच सैल केला.

"लिही, इचिनचा पाय दुखत होता."

"आणि ती चौदावी?"

"तिचाही."

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला इचिनखोर्लू लुवसानच्या बायकोबरोबर लाकडं रचत होती. एक मोठा ओंडका खांद्यावर घेऊन ती शिडी चढत होती. दाशझेवेग तिच्याकडे जरा वेळ पाहत राहिला. मग त्याने कागद मोटारसायकलच्या सीटवर पसरला आणि खिशातून पेन काढलं.

"कुठला पाय?" त्याने विचारलं.

लुवसानने थोडा विचार केला.

"डावा लिही," तो म्हणाला.