आत सोडलेलं कापड

शिंप्याच्या मुलीला घरात कात्री म्हणत, ते तिच्या जिभेमुळे. सोळा वर्षांची पोर, पण समोरच्याचं बोलणं मधेच कापणार म्हणजे कापणार. वर्षभराच्या कॅन्सरच्या उपचारांत अंगावरचं मांस गेलं, डोक्यावरचे केस गेले, जीभ मात्र काही बोथट झाली नाही. आता उपचार संपले होते. तीन महिन्यांनी दाखवायला या, तोवर हसा-खेळा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या आणि आईला रडू आवरेना. तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. वॉर्डातली नर्स, वेळी-अवेळी गाडी काढणारे शेजारी, घरी येऊन शिकवणाऱ्या बाई, ज्यांनी ज्यांनी हात दिला त्या सगळ्यांना रविवारी चहाला बोलवायचं, आणि शिंप्याने प्रत्येकाला एकेक कापडी पिशवी शिवून द्यायची.

शिंपी खुशीने मशीनवर बसला. वॉर्डात तो वर्षभरात दोनदाच गेला होता. दुसऱ्यांदा पोरीच्या हातात सुई शिरताना बघून जो आडवा झाला, तो नर्सनेच उचलून बाकावर बसवला. "जन्मभर सुईवर पोट भरलंत, भाऊजी, आणि सुई बघून चक्कर?" असं म्हणत मेव्हणीने ही गोष्ट नातेवाइकांत इतकी फिरवली की विचारू नका. तेव्हापासून दवाखाना बायकोकडे आणि दुकान त्याच्याकडे.

पण एक काम त्याने गुपचूप केलं होतं. उपचारांना जाताना कात्री दर खेपेला तोच निळा ड्रेस घाले. पोर वाळत चालली, तसा तो ड्रेस धुवायला पडला की शिंपी बाजूच्या शिवणी थोड्या आत घेई. टेप लावली नाही; नजरेचा अंदाज त्याला पुरे. आतलं कापड मात्र कापायचं नाही, दुमडून ठेवायचं, म्हणजे अंग भरलं की शिवण उसवून परत सैल करता येतं. ड्रेस नेहमी अंगाबरोबर बसायचा आणि नर्स दर वेळी म्हणायची, "छान बसलाय गं, म्हणजे तू काही वाळली नाहीस."

गुरुवारी दुपारी कात्री ड्रेस घेऊन दुकानात आली.

"बाबा, रविवारी मी हाच घालणार. नर्सताईंना यातच भेटायचंय मला. पण आता चढत नाही. सैल करून द्या."

शिंप्याने मशीन थांबवलं. सैल करणार कसलं, डोंबलाचं? आत कापड होतंच कुठे? सातव्या महिन्यात, औषध लागू पडत नाही असं डॉक्टरबाईंनी सांगितलं, त्या दिवशी त्याने शिवण आत घेतली आणि आतलं सगळं कापड कापून चिंध्यांत टाकलं. तीस वर्षांत परक्या गिऱ्हाइकाचंही कापड त्याने असं कापलं नव्हतं. हा ड्रेस परत सैल करायची वेळ येणार नाही, हे त्याने मनाशी धरलंच होतं. पुढे नवं औषध लागू पडलं, पोर सावरली, अंग भरू लागलं, आणि हा बाप मेल्याहून मेल्यासारखा झाला. बायकोलाही तो बोलला नव्हता.

"दुसरा शिवतो. याचं कापड विटलंय."

"विटू दे."

"आत्ता पिशव्यांची घाई आहे."

"पिशव्यांना कसली घाई? त्यांना फिटिंग नसतं."

तिच्यापुढे कधी कोणाचं चाललंय? तिने ड्रेस उलटा करून मशीनवर पसरला. शिवणीलगत नुसती कापलेली कड होती. शिंपी मशीनच्या चाकाकडे बघत राहिला.

"त्या दिवशी मी कापलं हे," तो म्हणाला. "मला वाटलं, आता काही..."

"माहीत आहे मला." कात्री स्टुलावर बसली. "आधी वॉर्डात कुशीवर झोपलं की दुमडलेलं कापड रुतायचं. तुम्ही आवळून देता, हे मला तेव्हाच कळलं होतं. मग एकदा रुतेनासं झालं." बोलता बोलता ती थांबली. असं तिचं कधी होत नसे. "खूप रडले मी. पण बरंही वाटलं. आई रोज म्हणायची, तू बरी होणारच. तिच्यापुढे घाबरायचीसुद्धा चोरी. निदान तुम्ही तरी माझ्यासोबत घाबरला होतात, बाबा."

शिंप्याने हातातल्या अर्धवट पिवळ्या पिशवीत तोंड लपवलं आणि लहान पोरासारखा रडला. तिने त्याला रडू दिलं.

"या पिशवीच्याच कापडाच्या पट्ट्या लावा दोन्ही बाजूंना," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"पिवळ्या? अगं, जोड दिसेल. शिंप्याची पोर आणि जोडाचा ड्रेस, लोक काय म्हणतील?"

"दिसू दे. मी कितीने जाड झाले ते नर्सताईंना मोजता येईल."

शिंप्याने गळ्यातली टेप काढली आणि वर्षभरात पहिल्यांदा पोरीचं माप घेतलं. आकडा वाचला, विश्वास बसेना म्हणून परत वाचला. मग पिवळ्या कापडावर खडूने रेघ ओढली. कापायला घेणार, तोच तिने त्याचा हात धरला.

"शिवणीच्या आत किती सोडलंत?"

"दोन बोटं. नेहमीसारखं."

"चार सोडा," कात्री म्हणाली. "मी अजून वाढणार आहे."

शिंप्याने तळहाताने रेघ पुसली आणि चार बोटं सोडून नवी ओढली.