हजेरीमास्तर कैद्यांच्या बाजूने खेळतात

आमच्या ताईचे यजमान तुरुंगातून सुटले, म्हणजे तिथल्या नोकरीतून. हे आधीच सांगून टाकतो, कारण एका बाईंनी अर्धंच ऐकून ताईचा हात हातात घेतला होता, "झालं ते झालं, आता त्यांना माणसात आणा." मेव्हणे तिथे वॉर्डर होते. रोज संध्याकाळी कैदी मोजायचे आणि दारं लावायची, हे त्यांचं काम. सगळे त्यांना हजेरीमास्तर म्हणतात. मीही तेच म्हणतो. खरं नाव ताईलासुद्धा जरा आठवावं लागतं.

मोजण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदा ऐन थंडीत संध्याकाळच्या मोजणीत एक माणूस जास्त भरला. बाकीचे म्हणाले, चुकलं असेल, सोडून द्या. हे म्हणाले, माझं चुकत नाही. शोध घेतला तर एक भुरटा चोर उबेसाठी भिंतीवरून आत उतरून पंगतीत जेवत बसलेला. हजेरीमास्तरांनी त्याला जेवण पुरं करू दिलं, ताट घासायला लावलं आणि फाटकाबाहेर नेलं. तो तिथून जाईना, तेव्हा चौघांनी उचलून दूर नेऊन ठेवला. ज्यांना पटत नसेल त्यांनी त्या चोरालाच विचारावं. आता त्याचं चांगलं चाललंय, भेटायला आधी वेळ घ्यावी लागते.

नोकरी संपली तरी मोजणी सुटली नाही. घरात चमचे मोजत, दाराशी चपला मोजत. निवृत्त झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात समोरच्यांची कबुतरं मोजून, एक कमी आहे, असं त्यांना कळवून आले. ही दुसरी सवय, कळवण्याची. काही कानावर आलं की ते वर कळवायचं. तुरुंगात वर म्हणजे जेलर. घरात वर म्हणजे आमची ताई.

त्यांना दोन मुली. थोरली लग्न होऊन पलीकडच्या गल्लीत राहते, छापखान्यात कामाला जाते. धाकटी मोटारींच्या वाइंडिंगच्या दुकानात होती. जळलेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसायची, नवी तार वेढा वेढा करून भरायची आणि वर वॉर्निश. तिच्या बोटांना जेवतानाही त्या वॉर्निशचा वास यायचा. माझ्या घरच्या पंख्याची मोटार तिने अशी भरून दिली की पूर्ण वेगावर लावला की पंखा जागेवर राहतो आणि खोली फिरते. आता त्यातलं थोडं सोडून द्या, पण हात चांगला होता एवढं खरं.

तिला जहाजावर जायचं होतं, मालवाहू जहाजावर विजेचं काम करायला. दोन वर्षांपूर्वी बोलावणं आलं तेव्हा तिने पहिल्यांदा बाबांनाच सांगितलं. दुकानातून दोघं चालत घरी येत होती.

"बाबा, आईला एवढ्यात बोलू नका. आमच्या मालकालाही नको. अनुभवाचा दाखला हातात पडला की मीच सांगते सगळ्यांना."

"बरं," हजेरीमास्तर म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी एक बूट काढला. दुसरा निघायच्या आत ताईला सगळं कळलं होतं. मग पहिला बूट पुन्हा चढवून ते दुकानमालकाकडे गेले. माणूस सोडून जाणार, तर त्याला आधी कळायला नको का? ताईने अंथरूण धरलं. मालकाने दाखल्यासाठी आज या, उद्या या असं केलं, आणि तेवढ्यात जहाज गेलं.

धाकटी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. पुढे ती त्यांच्याशी भाजी, पाऊसपाणी, विजेचं बिल, एवढंच बोलायची.

"मी तिचं वाईट व्हावं म्हणून नाही हो केलं, मेव्हणे," ते मला म्हणाले होते.

"मग कशासाठी केलंत?"

"कळलं होतं म्हणून," म्हणाले.

तो खेळ घरात आणला थोरलीने. त्यांच्या छापखान्यात छापलेला, खोक्याचा कोपरा चेपलेला म्हणून तिच्याकडे आला. मोठा पुठ्ठा, त्यावर तुरुंगाचा नकाशा. कोठड्या, स्वयंपाकघर, कपडे धुवायची खोली, मनोरा आणि सगळ्याला वेढून भिंत. प्रत्येकाची एक लाकडी सोंगटी, आणि एक पहारेकऱ्याची, ती पाळीपाळीने सगळ्यांनी हलवायची. पत्ते गोळा करायचे, कशावर दोर, कशावर कानस, कशावर चावी, आणि एकमेकांना देत घेत सगळ्यांनी मिळून पळायचं. एकजण जरी आत राहिला तरी सगळे हरले. गंमत पुढेच आहे. सुरुवातीला प्रत्येकाला एक पत्ता गुपचूप मिळतो. त्यावर 'कैदी' असतं, नाहीतर 'फितूर'. फितुराने आपण तुमच्यातलेच असं भासवायचं आणि शेवटी सगळ्यांना धरून द्यायचं. फितुराचा पत्ता एकच, आणि गठ्ठा माणसांपेक्षा मोठा. त्यामुळे फितूर कधी असतो, कधी नसतोच. संशय मात्र पाचही जणांना पुरून उरतो.

रविवारी दुपारी आम्ही पाचजण बसायचो. ताई चावीचा पत्ता मांडीखाली घेऊन बसायची आणि विचारलं तर शपथेवर नाही म्हणायची. हजेरीमास्तरांना त्या नकाशाचंच पटत नव्हतं.

"हा मनोरा कोणी बांधला इथे? इथून कपड्यांची खोली दिसतच नाही."

"अहो, बरंच आहे की. आपण कैदी आहोत," ताई म्हणायची.

"ते ठीक आहे. पण बांधणाऱ्याला काही अक्कल?"

आणि दरवेळी तेच व्हायचं. सगळ्या सोंगट्या भिंतीपाशी यायच्या, दोर टाकायची वेळ व्हायची, पहारेकरी हलवायची पाळी हजेरीमास्तरांची असायची, आणि ते तो नेमका आमच्यासमोर आणून उभा करायचे. खेळ खलास. थोरली चिडून त्यांचा पत्ता उलटायची. त्यावर 'कैदी'.

"बाबा, तुम्ही आपल्यातलेच होता. मग पहारेकरी इकडे कशाला आणलात?"

"अगं, ती जागा उघडी पडली होती."

एकदा पत्ते वाटताना धाकटी म्हणाली, "बाबांना पत्ता कशाला द्यायचा? त्यांचं ठरलेलंच असतं." ते हसले. कोणी साथ दिली नाही, तेव्हा थांबले.

यंदा तिला दुसऱ्या जहाजावरून बोलावणं आलं. या खेपेला तिने आधी आईला सांगितलं. ताई म्हणाली, "मागचं जहाज मी अंथरुणात पडून घालवलं. हे नाही घालवणार." दाखला थोरलीने गोड बोलून मालकाकडून मिळवला. बॅग माझ्या घरी येऊन पडली.

"आणि बाबांना?" मी विचारलं.

"जहाज लांब गेलं की फोन करेन, मामा. त्यांच्या पोटात राहत नाही, तुम्हाला माहितेय."

माहीत होतं.

ठरलं असं. रविवारी नेहमीसारखा खेळ मांडायचा. मध्येच धाकटीने चहा टाकायला उठायचं, मागच्या दाराने माझ्या घरी, तिथून बॅग घेऊन बस. तिची सोंगटी थोरली चालवेल. आम्ही तिघांनी मिळून हजेरीमास्तरांना पुठ्ठ्यावर गुंतवून ठेवायचं. आयुष्यभर ज्याने पहारा दिला त्याच्यावर पहारा.

त्या दुपारी पत्ते वाटले. प्रत्येकाने आपापला बघून पालथा ठेवला. चार-पाच चाली झाल्या. धाकटी उठली. "चहा टाकते," म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा होता. मला तिचा अभिमान वाटला. खोटं बोलणं घराण्यात आहे, मामाच्या बाजूने.

ती आत गेली आणि हजेरीमास्तर अर्धे उठले.

"कुठे?" ताई.

"पाणी पितो."

"मी आणते की." ताईने पाणी आणलं. त्यांनी ते सावकाश सगळं संपवलं. भांडं खाली ठेवून पुन्हा उठायला लागले. "जरा आत..."

ताईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना खाली बसवलं. चारचौघांत तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहिला. "अहो, खेळा ना."

"बाबा, तुमचीच चाल आहे," थोरली म्हणाली.

मी तर माझी माशाची गोष्ट सुरू केली. गळाला लागला मासा, पण पाण्यात गेलो मी, ती. मागच्या दाराची कडी वाजली तेव्हा आम्ही तिघं एकदम मोठ्याने बोलत होतो.

हजेरीमास्तर पुठ्ठ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला आणि पहारेकरी उचलून लांबच्या कोपऱ्यात, स्वयंपाकघरामागे नेऊन ठेवला. भिंत मोकळी झाली. हातातला दोराचा पत्ता त्यांनी थोरलीपुढे सरकवला.

"धाकटीच्या सोंगटीला दे. आधी तिला काढा."

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा सुटलो, पाचच्या पाच सोंगट्या भिंतीपलीकडे. कोणी टाळी वाजवली नाही. ताईने चहा आणला. चार कप. हजेरीमास्तरांनी ट्रेकडे पाहिलं, आपला कप उचलला आणि म्हणाले, "साखर जरा कमी आहे." समोरच्यांचं एक कबुतर कमी भरलं तरी ज्याला चैन पडत नव्हतं, तो माणूस पाचव्या कपाबद्दल एक शब्द बोलला नाही. ताई आणि थोरली आत जाऊन हळूच हसल्या, काय फसवलं म्हणून.

मी पत्ते आवरत होतो. हजेरीमास्तरांसमोरचा पालथा पत्ता उचलला. त्यावर 'फितूर' होतं. ज्यांनी आयुष्यात एक नियम मोडला नाही, ते धरून द्यायचं सोडून सबंध डाव आमच्या बाजूने खेळले होते.

ते बाहेर पायरीवर जाऊन बसले होते. मी शेजारी बसलो.

"कधी कळलं?" मी विचारलं.

"सकाळी. पळायच्या दिवशी कैदी फार चांगला वागतो, मेव्हणे. भांडत नाही, दुसऱ्याचंही ताट घासतो. आज सकाळी तिने माझा चष्मा पुसून दिला."

"मग दोनदा उठत का होता?"

"काही नाही हो. बघायचं होतं. बोलणार काहीच नव्हतो. चहा झाला का, एवढं विचारलं असतं आणि डोक्यावरून हात फिरवला असता." त्यांनी खांदा चोळला. "तुमच्या ताईचा हात जड आहे."

"मी ताईला सांगतो. धाकटीलाही सांगू, अजून बस सुटली नसेल."

"नको. ताई मनाला लावून घेईल. आणि पोरीला तर नाहीच. तिला वाटतंय ती पळाली. सोडून दिलेला आणि पळालेला, दोघांचं चालणं वेगळं असतं. मी पाहिलंय. तिला पळाल्यासारखं चालू दे."

ही गोष्ट त्यांच्या पोटात राहिली. सवय नसल्यामुळे जड गेली. ताई त्यांना पित्ताच्या गोळ्या द्यायची आणि म्हणायची, पोरगी न सांगता गेली त्याचा राग धरून बसलेत, बोलून तरी टाकावं माणसाने.

दोन महिन्यांनी कुठल्याशा बंदरावरून धाकटीचा फोन आला. ताईने सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. आधी इंजिनखोलीतल्या उकाड्याचं झालं, मग तिने बंद पडलेला पंप चालू केला ते झालं. मग ती म्हणाली, "बाबा आहेत का तिथे?"

"आहे," हजेरीमास्तर म्हणाले.

"बाबा, कसं फसवलं तुम्हाला? चहाचं आधण ठेवून गेले होते मी, खरंखुरं."

"मला पत्ताच लागला नाही, पोरी."

ती हसली. किती दिवसांनी त्यांच्याशी हसली. मग आवाज जरा खाली आला. "एक विचारू? मी आधी सांगितलं असतं, तर तुम्ही गप्प राहिला असतात का? इथे रात्री पडल्यावर कधीकधी वाटतं, सांगायला हवं होतं. उगाच असं चोरून आले."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते फोनकडे बघत होते. मला वाटलं, आता बोलतील. ताई हातातला रुमाल घडी करत होती, तिला काही ठाऊक नव्हतं.

"छे," हजेरीमास्तर म्हणाले. "मी कळवलंच असतं. तू केलंस ते बरोबर केलंस."

"बघा. मला माहीतच होतं," धाकटी म्हणाली. तिचा सुटलेला श्वास आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

त्यांनी फोन ताईकडे सरकवला, चष्मा काढला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. समोरच्या पत्र्यावर कबुतरं होती. त्या दिवशी त्यांनी ती मोजली नाहीत.