हाताने धरलेला ढग

मी एक जुना ढग आहे. हसू नका, मित्रांनो. आभाळातला नव्हे, पत्र्याचा. माझ्या पोटाखाली तीन थेंब रंगवलेले आहेत आणि ते आजवर कधी गळलेले नाहीत. माझ्या पाठीला लोहचुंबक आहे. त्याच्या जोरावर मी देशाच्या लोखंडी नकाशावर चिकटून बसायचो, आणि घराघरांतली माणसं टीव्हीसमोर बसून म्हणायची, "घ्या, आला हा!"

टीव्ही केंद्राच्या एका कोपऱ्यातल्या खोलीत, रंगांच्या डब्यांच्या आणि टर्पेंटाइनच्या वासात माझा जन्म झाला. रंगारीकाकांनी मला पत्र्यातून कापलं. माझ्या कडा कानशीने घासघासून गुळगुळीत केल्या. हवामान सांगणाऱ्या बाईंच्या हाताला लागायला नको, असं ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी मला राखाडी रंग दिला आणि वाळत ठेवलं. आम्ही पावसाचे ढग चार भाऊ. आमच्याच डब्यात काही सूर्यही राहत. ते भारी भाव खायचे. त्यांना नकाशावर लावलं की सगळ्यांचे चेहरे खुलत. आमच्या वाट्याला मात्र वाकडी तोंडं.

पण मित्रांनो, पाऊस कुठे पडणार ते आम्ही ठरवत नव्हतो. दीपगृहाचा रखवालदार, बंदरावरचे कर्मचारी, डोंगरावरच्या वेधशाळेतला एकटा निरीक्षक, असे कितीतरी जण वारा पाहत, हवेचा दाब मोजत आणि हवामान खात्याला कळवत. तिथे मोठ्या टेबलावर कागद पसरून वाकड्यातिकड्या रेषा काढल्या जात. त्या रेषांचा गुंता सुटला की संध्याकाळी आमच्या केंद्रात फोन वाजे. हवामानाच्या बाई तो घेत. पलीकडून सांगितलेलं सगळं त्या लिहून घेत, पुन्हा वाचून दाखवत आणि मग आमचा डबा उघडत.

बाईंचं माहेर मिठागरात होतं. काम करताना त्या हळूच गुणगुणत,

मिठाची गं रास, उन्हानं पिकली,
एका गं सरीनं, पाण्याला विकली.

ही ओवी मी इतक्यांदा ऐकली की, मी पावसाचा ढग असूनही मला मिठाची माया लागली.

एके दिवशी आमचा डबा ढकलगाडीवरून खाली पडला. बाकी सगळे वाचले. माझा लोहचुंबक मात्र फुटला. आता मी नकाशाला चिकटेना. लावलं की घसरे, घसरलं की खण्णकन जमिनीवर. नवा लोहचुंबक भांडारातून यायचा होता, आणि भांडारातून वस्तू यायची म्हणजे वाट पाहून डोळे पांढरे व्हायचे. मला डब्याच्या तळाशी, फडक्याखाली ठेवलं. वर रोज झाकण उघडे, भावंडं बाहेर जात, परत येत. मी अंधारात पडून असे.

अशाच एका संध्याकाळी खात्याने तीन ठिकाणी पाऊस सांगितला. माझे तिघे भाऊ नकाशावर चढले. बातम्या सुरू झाल्या. त्या संपल्या की हवामान. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. दीपगृहाच्या रखवालदाराने कळवलं होतं, की वारा फिरला आहे आणि दाब उतरतो आहे. चौथ्या ठिकाणीही पहाटे पाऊस येणार होता. नकाशाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात. मिठागरांवर.

बाईंचा चेहरा उतरला. हंगामाचं सगळं मीठ तिथे राशी करून उघड्यावर पडलं होतं. राशी झाकायला मध्ये एक रात्र होती, पण ते आत्ता कळलं तर.

निर्मातेसाहेब म्हणाले, ढग तीनच आहेत, तर चौथं ठिकाण तोंडानं सांगून टाका. बाईंनी मान हलवली.

"तिथे ऐकत नाहीत, साहेब. कामगारांच्या हॉलमध्ये एकच टीव्ही आहे. शंभर माणसं, त्यांची पोरं, गलका नुसता. तिथे हवामान बघतात."

मग दुसरीकडचा एखादा ढग काढा, असं साहेबांनी सुचवलं. तर तिथल्या लोकांनी काय पाप केलंय, असं बाईंनी विचारलं. रंगारीकाका चिकटपट्टी घेऊन धावत आले. माझ्या पाठीला ती लावून त्यांनी मला नकाशावर दाबलं. पण स्टुडिओतल्या दिव्यांची धग म्हणजे भट्टीच. पट्टी सुटली आणि मी पुन्हा खाली. काकांनी कपाळाला हात लावला. बातम्या संपत आल्या होत्या.

बाईंनी वाकून मला उचललं. हातातले कागद खुर्चीवर ठेवले.

"मी धरून उभी राहते," त्या म्हणाल्या.

"हातानं? बाई, अख्खा देश बघतोय."

"बघू दे की. बघण्यासाठीच तर आहे."

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. बाईंनी मला मिठागरांवर टेकवलं आणि चार बोटांनी दाबून धरलं. कोपरा इतका खाली होता की त्यांना कमरेत वाकावं लागलं. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, तोही एकाच हाताने. नकाशाच्या वरच्या टोकाला जाता येईना, म्हणून तिथली थंडी त्यांनी लांबूनच सांगितली. कागद जवळ नव्हता, तरी एक आकडा चुकला नाही. हळूहळू त्यांचा हात भरून आला. बोटांना घाम फुटला. त्यांच्या नाडीचे ठोके माझ्या पत्र्यात वाजत होते. मी मनात म्हणत होतो, बाई, सोडू नका. त्यांनी सोडलं नाही. दिवा विझल्यावरच त्या सरळ झाल्या आणि कंबर धरून मटकन खाली बसल्या.

निर्मातेसाहेब उठले. त्यांनी स्वतः जाऊन पाण्याचा पेला आणून दिला.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या धाकट्या भावाचा फोन आला. बाई फोनवर इतक्या हसल्या, की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग त्यांनी रंगारीकाकांना सगळं सांगितलं. हॉलमधल्या गोंगाटात कुणाला अक्षर ऐकू आलं नव्हतं. पण बाई वाकून, घामाघूम होऊन ढग धरून उभ्या आहेत, हे सगळ्यांनी पाहिलं.

"भाऊ म्हणतो, ताई, आम्हाला वाटलं ढग इतका जड आहे की तुला हातानं पेलावा लागतोय. आता काही खरं नाही म्हणून सगळे उठले आणि एकेका राशीवर दोन दोन ताडपत्र्या घातल्या, वर दगड ठेवले. आणि पहाटे पाऊस आला तो एवढासा, शिंपडल्यासारखा. आता सगळे मला चिडवतायत, की तुझ्या ताईला ढग उचलायची सवय नाही."

काकाही हसले. मग हळूच म्हणाले, "एवढासाही पुरतो मिठाला."

"पुरतो," बाई म्हणाल्या, आणि मग मात्र त्या हसल्या नाहीत.

पुढे मला नवा लोहचुंबक मिळाला. मी पुष्कळ वर्षं नकाशावर बसलो. मग संगणक आले. आताचे ढग आपले आपण चालतात, दाटतात, विरतात. छान दिसतात हो. मला त्यांचा हेवा नाही. आमचा डबा माळ्यावर गेला आणि सूर्यांना गंज चढला. बाई निवृत्त झाल्या. त्या दिवशी काकांनी मला शोधून काढलं. माझ्या पोटावर चार बोटांच्या जागी रंग उडाला होता. काका ब्रश घेऊन बसले, पण बाई म्हणाल्या, राहू द्या, तेवढी जागा तशीच राहू द्या. त्यांनी मला घरी नेलं.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू मोडली, तिला स्वतःच्या बळावर उभं राहता येईना, तर ती लगेच टाकून देऊ नका. आणि कुणाचं काही उघड्यावर पडलं असेल, पाऊस येणार आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर नुसतं सांगून मोकळे होऊ नका. त्याला दिसेपर्यंत धरून उभे राहा. हात थोडा दुखेल, एवढंच.