पाटीला हात कुणी लावला

मित्रांनो, माझ्यावर खडू चालत नाही, पेन्सिल चालत नाही आणि ओल्या फडक्याने पुसून माझ्यावरचे काही जात नाही, तरी मी पाटीच आहे. जुनी आहे, कडेला पोचे आलेली आहे आणि खरे सांगायचे तर स्वभावाने फार घाबरट आहे. हा घाबरटपणा उगाच नाही, हे माझी हकीकत ऐकल्यावर तुम्हालाही पटेल.

मी ॲल्युमिनियमची आहे. माझ्या अंगभर ओळीने आठ कोनांची भोके आहेत. ज्या मुलांना दिसत नाही, ती या भोकांत धातूचे छोटे खिळे बसवून माझ्यावर गणिते करतात. प्रत्येक खिळ्याच्या टोकाला एका बाजूने उंच कड असते. ती कड डावीकडे आली की झाला एक. जराशी फिरवली की दोन, आणखी फिरवली की तीन. अशा आठ दिशांचे आठ अंक. नऊ आणि शून्यासाठी तोच खिळा उलटा करून घालायचा. म्हणजे खिळा एकच, पण तो कुठल्या तोंडाने उभा आहे यावर सगळा खेळ. माझ्या घाबरटपणाचे मूळही यातच आहे.

मी जन्मले एका छोट्या कारखान्यात. भोके पाडणारे यंत्र धाडधाड चालायचे, कान किटून जायचे. तिथे पाट्या तपासायला एक आजोबा बसत. त्यांना स्वतःला दिसत नसे. ते प्रत्येक भोकावरून बोट फिरवत आणि कुठे धार राहिली असेल तर पाटी परत पाठवत. मी दोनदा परत गेले होते. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या उजव्या वरच्या कोपऱ्यातली खाच चाचपली आणि म्हणाले, "ही खाच आहे म्हणून हिची वरची बाजू कळते. ही गेली की हिला ना डोकं, ना पाय." मग त्यांनी मला चांगल्या पाट्यांच्या गठ्ठ्यात ठेवले.

पहिल्या शाळेत माझे फार कौतुक झाले. तिथली सगळीच मुले बोटांनी वाचणारी होती. मला मिळवायला त्यांच्यात भांडणे लागत. अशाच एका भांडणात मी जिन्यावरून गडगडत खाली आले आणि माझा खाचेचा कोपरा वाकला. दुरुस्तीला आलेला कारागीर भला माणूस होता. मुलांच्या हाताला लागायला नको म्हणून त्याने तो कोपरा कानशीने घासला, आणि एक गोल दिसतो म्हणून बाकीचे तीनही तसेच गोल केले. त्याने जाताना मला हौसेने चकाकवलेसुद्धा. खाच मात्र गेली. तेव्हापासून मी कुठूनही धरली तरी सारखीच.

मग ती शाळा बंद झाली आणि मी सामानाच्या खोलीत पडले. माझ्यावर आधी तुटके खेळ आले, मग जुने पडदे आले. किती वर्षे गेली, मोजली नाहीत. रिकाम्या अंगाने मोजणार तरी कशी?

एके दिवशी पडदे बाजूला झाले आणि फिरत्या बाईंनी मला बाहेर काढले. त्यांना सगळे फिरत्या बाईच म्हणत, कारण पाच शाळांत मिळून बोटांनी वाचणारी अकरा मुले त्यांच्याकडे होती आणि आठवडाभर त्या स्कूटरवरून या शाळेतून त्या शाळेत धावत असत. त्यांनी मला एका साध्या शाळेत, सातवीतल्या एका मुलीसमोर ठेवले. ही मुलगी कुठेही गेली तरी पावले मोजायची, म्हणून घरी तिचा भाऊ तिला मोजपट्टी म्हणे. हळूहळू वर्गातही तेच नाव पडले.

"हिची वरची बाजू कुठली?" तिने पहिलाच प्रश्न विचारला.

फिरत्या बाईंनी माझ्या वरच्या कडेला कापडी चिकटपट्टीचा एक तुकडा लावला. "ही पट्टी हाताला लागली की ते डोकं. पट्टी नेहमी तुझ्यापासून लांबच्या बाजूला. कळलं?"

मोजपट्टीला कळले. तिला फार लवकर कळायचे. महिन्याभरात ती गुणाकार करू लागली. खिळा उचलायचा, कड चाचपायची, बसवायचा. तिची बोटे माझ्यावरून अशी चालत की मला माझे वय विसरायला होई.

गणित शिकवायला स्वतः मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक येत. माणूस मनाने वाईट नव्हता, पण फळ्याकडे तोंड करून म्हणायचे, "हे यातून गेलं, हा इकडे आला, की झालं!" मोजपट्टी हात वर करून विचारायची, "सर, कोण कुठे गेलं?" वर्ग खो खो हसायचा. सर म्हणायचे, "अरे हो, हो," आणि दोन ओळी मोठ्याने वाचून पुन्हा "हे" आणि "ते" वर यायचे.

वर्ष संपत आले तेव्हा सरांनी तिच्या आईला बोलावले. मी मोजपट्टीच्या मांडीवर होते, म्हणून सगळे ऐकले. सर म्हणाले, "हे बघा, तिच्या भल्यासाठीच सांगतो. पुढच्या वर्गापासून तिला गणिताऐवजी दुसरा विषय घेता येतो. कशाला जिवाला घोर लावून घ्यायचा?"

आई काही बोलायच्या आत मोजपट्टीच बोलली. "सर, बाकीच्या विषयांत मला बिचारी म्हणून मार्क देतात. मला कळतं ते. गणितात तसं नसतं. तिथे उत्तर बरोबर असतं, नाहीतर चूक असतं. मला गणित पाहिजे."

सरांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "ठीक आहे. पन्नासपैकी पंचवीस मिळव. मिळाले तर गणित तुझं. नाहीतर मी म्हणेन तसं करायचं."

मित्रांनो, त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. मुलगी हुशार होती, तिची मला काळजी नव्हती. काळजी माझीच होती. माझी काही भोके झिजली होती, खिळे डुगडुगत. डब्यातले निम्मे खिळे हरवलेले, त्यामुळे एक गणित झाले की ते काढल्याशिवाय दुसरे मांडता येत नसे. आणि ती चिकटपट्टी रोजच्या हाताळण्याने मळली होती, एका टोकाने सुटलीही होती. फिरत्या बाई "उद्या नवी लावते" म्हणाल्या आणि दुसऱ्याच शाळेत अडकल्या. पाच शाळा आणि एक बाई, त्यांना तरी काय बोलायचे?

परीक्षा शिवणाच्या खोलीत ठेवली होती. पर्यवेक्षक म्हणून शिवणाच्या बाई. त्यांनी प्रश्न वाचून दाखवायचा, मोजपट्टीने माझ्यावर गणित करून उत्तर सांगायचे आणि बाईंनी ते कागदावर लिहायचे. सर दारातून बजावून गेले होते, "बाई, तिच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही. नाहीतर परीक्षेला अर्थ राहणार नाही."

शिवणाच्या बाई प्रेमळ होत्या आणि टापटिपीच्या भारी भोक्त्या. लोंबता दोरा दिसला की त्यांच्या हाताला चैन पडत नसे. मुलींच्या बाह्यांचे, सरांच्या कॉलरचे, पडद्यांचे, कुणाचेही दोरे त्या चालता चालता कापत.

आठ प्रश्न झकास झाले. नववा होता बागेचा. चोवीस रोपांच्या सोळा ओळी, त्यातली सत्तावन्न रोपे वाळली, तर उरली किती? मोजपट्टीने गुणाकार केला, तीनशे चौऱ्याऐंशी आले. खिळे पुरेनात म्हणून तिने बाकीचे सगळे काढले आणि तेवढे तीन अंक माझ्या मधल्या ओळीत, बरोबर मधोमध मांडून ठेवले. तेवढ्यात तिला ठसका लागला.

"जा, पाणी पिऊन ये. घाई करू नकोस," बाई म्हणाल्या.

ती सावकाश पावले मोजत बाहेर गेली. खोलीत बाई आणि मी. आणि बाईंना माझ्या पट्टीचा लोंबणारा दोरा दिसला.

मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते. बाईंनी कात्री उचलली. त्या मोजपट्टीच्या शेजारीच बसल्या होत्या आणि दोरा लांबच्या बाजूला होता, म्हणून त्यांनी मला अलगद अर्धा फेरा फिरवले, एक खिळासुद्धा पडू दिला नाही. दोरा कापायला गेल्या तर ती मळकी पट्टीच निघून हातात आली. "शी," म्हणून त्यांनी ती टोपलीत टाकली. मला फिरवून ठेवायचे त्यांच्या लक्षातच आले नाही. चारही कोपरे सारखेच, कशाने येणार? त्यांच्या मते मी आता स्वच्छ झाले होते.

माझ्या अंगावर तीन, आठ, चार उभे होते. मी फिरले आणि प्रत्येक कड उलट्या दिशेला गेली, शिवाय शेवटचा अंक पहिला झाला. आता बोटाला लागणार होते आठ, चार, सात.

मोजपट्टी आली, बसली. तिने मधल्या ओळीवर बोट टेकवले आणि ते तिथेच थबकले.

"आठशे सत्तेचाळीस?" ती पुटपुटली. "मी तर तीनशे चौऱ्याऐंशी ठेवले होते." तिने वरच्या कडेला हात नेला. "पट्टी कुठेय? बाई, तुम्ही पाटीला हात लावलात का?"

बाई एकदम दचकल्या. सरांचे शब्द त्यांना आठवले असणार. "छे गं! मी कशाला हात लावू?"

"मग पट्टी?"

"पडली असेल. सुटलीच होती ना ती."

मोजपट्टीने पुन्हा अंक चाचपले. एकदा, दोनदा, तीनदा. तिची बोटे थंड पडली होती, मला कळत होते. मोठे माणूस खोटे बोलेल असे तिच्या मनातही आले नाही.

"म्हणजे माझी बोटंच चुकली," ती म्हणाली. "मनात एक होतं आणि मांडलं दुसरंच. बाई, मग आधीची आठ उत्तरंही मी याच बोटांनी वाचलीत. ती पण चुकीची असणार." तिचा आवाज फुटला. "खोडा. सगळी खोडा. मी जमतील तेवढी परत करते."

पंधरा मिनिटे उरली होती. पंधरा मिनिटांत आठ गणिते कोण करणार? पंचवीस मार्क गेले, गणित गेले. आणि मित्रांनो, तेवढेच गेले असते तरी एक वेळ चालले असते. पण ती पुन्हा स्वतःच्या बोटांवर कधी भरवसा ठेवणार होती? डोळे नसलेल्या मुलीने मग कशावर ठेवायचा? मी नुसती पडून होते. तिचे बोट माझ्यावर, सत्य माझ्या अंगावर, आणि मला एक शब्द बोलता येईना.

बाईंनी पेन कागदावर टेकवले. कागदावरची आठही उत्तरे बरोबर दिसत होती. पेन काही हलेना.

"थांब," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मी लावला हात. दोरा कापायला गेले आणि पट्टी निघाली. पाटी फिरवली मी, आणि तशीच ठेवली. फिरवल्याने एवढं होतं, हे मला ठाऊक नव्हतं बाळा. पण विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले."

 मोजपट्टीने मला दोन्ही हातांनी धरून अर्धा फेरा फिरवले आणि मधल्या ओळीवर बोट ठेवले. तीन. आठ. चार. तिने एवढा मोठा श्वास सोडला की डब्यातले खिळे हलले असते.

"किती वेळ राहिला?" तिने विचारले.

"अकरा मिनिटं."

"पुढे वाचा मग."

परीक्षा संपल्यावर बाई स्वतः सरांकडे गेल्या आणि सगळे सांगून आल्या. सर बरेच रागावले, बाईंनी निमूट ऐकून घेतले. मग सरांनी मोजपट्टीला वाया गेलेली मिनिटे भरून दिली. तिला पन्नासपैकी एकेचाळीस पडले. घरी गेल्यावर तिने आईला मार्क नंतर सांगितले. आधी म्हणाली, "आई, माझी बोटं बरोबर होती." ती हे वाक्य दोनदा म्हणाली. आईने तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले, बराच वेळ.

आता मोजपट्टी आठवीत आहे आणि तिला गणित आहे. सर फळ्यावरचे वाचून दाखवतात, विसरले की वर्गच ओरडतो, "सर, कोण कुठे गेलं?" शिवणाच्या बाई तिच्यासमोर आल्या की हात मागे बांधून उभ्या राहतात. "मी खिडकी लावतेय हं," "मी खुर्ची सरकवतेय हं," असे इतके सांगतात की मोजपट्टी वैतागून म्हणते, "बाई, पुरे!"

तरी माझी काळजी संपलेली नाही. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे, पर्यवेक्षक दुसरे कुणी असतील. शिवाय मोजपट्टीसारखी मुले पुष्कळ आहेत, कदाचित तुमच्या वर्गातही एखादे असेल. त्याचे दप्तर, त्याची काठी, त्याची खुर्ची तुम्ही कधीतरी सहज हलवाल. हात लागतो, चूक होते, त्याचे मला काही वाटत नाही. पण हलवलेत तर तिथल्या तिथे सांगा. ओरडा बसला तर बसू द्या. कारण मित्रांनो, तुम्ही गप्प राहिलात, तर ते मूल तुमच्यावर विश्वास ठेवेल आणि स्वतःवरचा काढून घेईल.