गोजराबाईचा हात

गोजराबाईंनी पारूच्या कमरेमागच्या दोन खळग्यांत दोन अंगठे टेकवले.

“वाक आता. गुडघं ताठ ठेव. हळू.”

पारू वाकली. उजवा अंगठा जागीच राहिला, डावा मात्र तिच्या हाडाबरोबर वर सरकला. गोजराबाईंनी तिला उभं करून पुन्हा वाकवलं. पुन्हा तेच. “हं,” एवढंच म्हणून त्यांनी तिला चटईवर निजायला सांगितलं.

बाहेर ओट्यावर दोघीजणी बंद दाराकडं डोळे लावून बसल्या होत्या. एक पारूची आई रंभाबाई, आणि दुसरी एडवणची रखमाबाई. रखमाबाईच्या विधुर भावासाठी पारूला बघितलं होतं. मुलगी पसंत होती, फक्त डाव्या पायावर लंगडते तेवढं खटकत होतं. पाय तोकडा असेल तर नको, कंबर धरली असेल आणि सुटत असेल तर बार उडवून टाकू, असा रखमाबाईचा रोखठोक हिशेब. म्हणून निवाड्याला तिघी माहीमला गोजराबाईंकडं आल्या होत्या. हाडांच्या बाबतीत या पट्ट्यात गोजराबाई म्हणतील ती पूर्वदिशा. माडावरून पडलेले, गाडीखाली आलेले, तारापूरच्या बांधकामावर पाठ धरलेले, सगळे त्यांच्या ओट्यावर येत. आपल्या हाताचं कौतुक ऐकायला गोजराबाईंना भारी आवडे, आणि कुणी केलं नाही तर त्या स्वतःच करून घेत.

त्यांनी पारूचे दोन्ही घोटे जुळवून बघितले. रेषभरही फरक नव्हता.

“पाय तोकडा नाय तुजा. डाव्या कमरेवर काय वाहतेस गं?”

“पोरं.”

“कुणाची?”

“आयची. सात वर्सांची होते तवापासून. पाच झाली.”

आई पानवेलीच्या वाडीत कामाला, बाप वीजकेंद्राच्या बांधकामावर, तो रविवारी तेवढा घरी. एक पोर खाली उतरलं की दुसरं कमरेवर. आता पारू अठराची होती आणि तिच्या कमरेचं डावं हाड वर चढून तिथंच अडकून बसलं होतं.

गोजराबाईंनी तळवे तिच्या खालच्या फासळ्यांवर ठेवले.

“श्वास घे. आनखी घे.”

उजवीकडच्या फासळ्या छान उघडल्या. डावीकडच्या जेमतेम हलल्या. इतकी वर्षं त्याच बाजूला कलून त्या आवळून गेल्या होत्या. पोरीनं अंग सैल सोडावं म्हणून गोजराबाईंनी इकडचं तिकडचं काढलं.

“एडवणची वाडी मोठी हाय म्हनतात. घरात कोन कोन हाय?”

तळव्यांखाली दोन्ही बाजू एकदम थांबल्या. श्वास आत घेतलेला तसाच राहिला.

“तीन पोरं,” पारू म्हणाली. “धाकटा अजून चालत नाय.”

“तुला नको हाय काय ती सोयरीक?”

“मला कोन विचारतो?”

पण अडकलेलं हाड समोर असताना गोजराबाईंच्यानं गप्प बसवेना. त्यांनी तिला उजव्या कुशीवर वळवलं, डावा गुडघा दुमडून पुढं घेतला, एक हात खांद्यावर, एक ढुंगणाच्या हाडावर.

“सोड श्वास. सगळा सोड.”

श्वास संपता संपता त्यांनी एक बेताचा रेटा दिला. कट् असा बारीक आवाज झाला.

“ऊठ. चालून दाव.”

पारू दारापासून खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. पुन्हा गेली. पाऊल सरळ पडत होतं. तिनं आपल्याच पायांकडं बघितलं आणि आल्यापासून पहिल्यांदाच हसली.

“बघ! याला म्हनतात हात!” गोजराबाई खुशीत म्हणाल्या.

पारूचं हसू मावळलं. तिची नजर दाराकडं गेली.

“काकी, आदी होतं तसं परत करता येईल काय?”

“येडी काय तू? बसवलेलं हाड कोन उखडतो?”

पारूनं पदर सारखा केला, दार उघडलं आणि ओट्यावर गेली. लंगडत.

“अगोबाई! अजून तशीच की,” रखमाबाई म्हणाली. मग तिनं मान वाकडी करून नीट बघितलं. “थांब थांब. मगाशी डाव्या पायावर होतीस ना? आता उजव्यावर कशी?”

पारूचा चेहरा पांढराफटक पडला. घाईत बिचारीचा पाय चुकला होता. रंभाबाई लेकीकडं बघत राहिली.

गोजराबाई उंबऱ्यात आल्या. सरळ चाल गं, सोंगं करू नको, एवढं म्हटलं की काम झालं होतं. पोर सरळ चालली असती, आणि रखमाबाईनं एडवणभर गोजराबाईच्या हाताचे गोडवे गायले असते. शब्द अगदी जिभेवर आले होते.

“तेच तर,” त्या म्हणाल्या. “डावीकडचं सोडवलं तर उजवीकडचं धरलं. माज्या हातात नाय बसत.”

“तुमच्या हातात?”

“माज्याच. आता काय दवंडी पिटू?”

रखमाबाई उठली.

“वय झालं म्हनायचं बाय तुमचं. उगाच नाव ऐकून एवढ्या लांब आलो.”

“झालंच,” गोजराबाई म्हणाल्या. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. तारुण्यात असं कुणी बोलला असता तर त्याचीच हाडं त्यांनी ढिली केली असती.

रखमाबाई एडवणची वाट धरून दिसेनाशी झाली तसा रंभाबाईनं कपाळाला हात लावला.

“आता हिला कोन करंल?”

“रडू नको. ऐक. हिच्या कमरेवर पोर द्यायचं आजपासून बंद. आनि दिवाळी झाली की हिला वैतरण्याला तात्याकडं ने. तो बसवील.”

“तात्या?” रंभाबाईला आपल्या कानांवर विश्वास बसेना. वैतरण्याचा तात्या हाही हाडं बसवायचा, आणि गोजराबाई त्याचा उल्लेख नेहमी ‘तो मोडतोडवाला’ असाच करत.

“दिवाळीनंतर. आदी नाय.”

दिवाळीला पाच महिने होते. तीन आईवेगळी पोरं घेऊन एडवणचा माणूस तेवढा थांबणार नव्हता. पारूला ते कळलं. ती वाकून पाया पडली तर गोजराबाईंनी तिला दंड धरून उठवलं आणि त्या तिच्या कानात हळूच म्हणाल्या, “आता उजवाच. दिवाळीपत्तर उजवा.”

मायलेकी गेल्या. ओट्याच्या टोकाला तारापूरचा एक मजूर पाठ धरून सकाळपासून नंबर लावून बसला होता. त्या कुजबुजीखेरीज त्यानं ओट्यावरचं सगळं ऐकलं होतं. तो भिंतीला धरून कसाबसा उभा राहिला.

“मावशी, राग नका मानू. मग मीबी तात्याकडंच जाऊ काय?”

त्याची वर चढलेली डावी कंबर गोजराबाईंना लांबूनच दिसत होती. दोन मिनिटांचं काम होतं, आणि मग उद्यापर्यंत ते एडवणला कळलं असतं.

“जा,” त्या म्हणाल्या. “चांगला हात हाय त्याचा.”