पाकोहेचा वाकस

मित्रांनो, मी एक जुना वाकस आहे, लाकूड तासायचा. माझं पातं लोखंडाचं नाही, काळ्या दगडाचं आहे. दूर दक्षिणेच्या समुद्रातल्या आमच्या बेटावर, डोंगरात, या दगडाला पाकोहे म्हणतात.

जन्माने मी चिखल. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी थरावर थर साचत गेलो. तो तळ वर्षाला बोटभर सरकत सरकत एका मोठ्या खंडाच्या काठावर जाऊन धडकला. मी खाली दाबला गेलो, भाजला गेलो, अंगातून कढत पाणी फिरलं आणि काचेसारखा कठीण झालो. पोटात एक बारीक पांढरी शीर मात्र राहून गेली. त्याच काठाखाली वितळलेला खडक वर चढला आणि निवून ग्रॅनाइट झाला. पुढे समुद्राने त्याचे गोटे केले. त्या गोट्यांच्या माराने मला आकार आला.

मारणारा होता तामाहाऊ. त्याचा धाकटा भाऊ केहू मला वाळूच्या दगडावर पाणी घालून घासायचा. त्यांची बहीण हिनेरोंगो समोरच्या बेटावर होती. नवरा वारलेला, पदरी दोन लहान मुलं. हिवाळ्याचा वारा सुटायच्या आत तिला आणायला नाव हवी होती. नावेचं खोड तयार होतं, फक्त पोखरायचं बाकी होतं.

"अजून घासतोयसच? तुझं होईपर्यंत त्या खोडाला पालवी फुटेल," तामाहाऊ म्हणायचा.

"फुटू दे. दादा, ती पांढरी शीर बघ. धार तिच्यापासून लांब न्यायला हवी."

तामाहाऊने ऐकलं नाही. घासणं अर्धवट असतानाच मला दांड्याला बांधलं. चौथ्या दिवशी खोडातल्या गाठीवर घाव बसला आणि मी त्या शिरेवरच दुभंगलो. तामाहाऊने मोठा तुकडा उलटून पाहिला आणि बाजूला ठेवला.

"आता नवा दगड आणायचा म्हणजे आठ दिवस. मग घडवणं वेगळंच. तोवर वारा फिरेल," तो म्हणाला. "माझीच चूक."

केहूने धाकटा तुकडा, म्हणजे मला, उचललं. नखाने टिचकी मारून कान लावला. "हा आतून धड आहे. सहा दिवस दे. आणि या खेपेला मध्ये बोलू नकोस."

सहा दिवस तामाहाऊ ओढ्यावरून पाणी वाहत होता. सहाव्या दिवशी त्याने एवढंच विचारलं, "बांधू?"

"बांध."

वारा सुटायच्या तीन दिवस आधी नाव बेटाला लागली. हिनेरोंगोने मुलांना आधी आत बसवलं. मग म्हणाली, "इतका उशीर?"

"मी वाकस मोडला," तामाहाऊ म्हणाला. "याने वाचवला."

केहूने वल्हं उचललं. पण तेव्हापासून तो घासायला बसला, की त्याच्या शेजारी पाण्याचं भांडं भरलेलं असायचं.

पुढे लोखंड आलं. मी मातीत गेलो, कुणाच्या तरी नांगराला लागलो, एका शहरातल्या संग्रहालयात काचेच्या कपाटात पडलो. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'काळा दगड'. चाळीस वर्षं तेवढीच ओळख.

गेल्या वर्षी तामाहाऊ-केहूच्याच घराण्यातल्या पिरिहिराबाईंनी मला घरी आणलं. त्या शाळेत शिकवतात, मला मुलांच्या हातात देतात.

मित्रांनो, जुनी वस्तू हातात आली तर सावकाश धरा, आणि ती कुणी घडवली ते विचारा. कोट्यवधी वर्षं डोंगराखाली काढली, त्याचं मला काही वाटलं नाही. काचेमागची ती चाळीस मात्र फार लांब गेली.